रोह्याच्या पेपर स्टॉलचा फोटो

मोबाईलच्या नकाशात दुकानं भरायचं काम करतो ना मी, त्याचा परवा असला संताप आला, काय सांगू! रोह्याला स्टँडजवळ नारायणकाकांचा स्टॉल आहे. पेपर, तंबाखू, लॉटरी, सगळं एकाच फळीवर. फॉर्ममध्ये मात्र दुकानाचा प्रकार एकच निवडायचा. मी गेलो दुपारी, पेपर संपलेले. म्हणून स्टॉलचा फोटो काढून ‘तंबाखूचं दुकान’ टाकलं.

आठ दिवसांत काकांचा फोन. "अरे, पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडतंय! मुलाचा बाप म्हणतो, मोबाईलवर तुमचं तंबाखूचं दुकान दिसतं, आम्हाला शोभत नाय. चाळीस वर्षं पेपर विकतोय रे मी!"

मी लगेच ‘पेपर स्टॉल’ केलं. तर ऑफिसातून उत्तर, फोटोत पेपर कुठे आहेत? अरे, भर दुपारी पेपर कुठून आणू?

झक मारत पेणहून पहिल्या गाडीनं गेलो. पेपरचे गठ्ठे मांडले, मोबाईल धरला. स्टॉलपुढे एक गृहस्थ ऐटीत तंबाखू मळत उभे. काका कानाशी पुटपुटले, "हाच मुलाचा बाप. रोजचं गिऱ्हाईक हाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात ते गृहस्थच माझ्यावर खेकसले, "ओ, फोटोत मला घेऊ नका हां!"