सुईच्या टोकाएवढं छिद्र

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. तिची मोठी लेक तपासून बाहेर आली.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“कानापुढचं छिद्र जन्मजात आहे. पोटात कान घडताना तेवढी जागा जुळायची राहिली. त्रास नसेल तर राहू दे म्हणाले.”

“सुई टोचल्यासारखंच दिसतं गं ते. तू पोटात होतीस तेव्हा मी दिवसभर मशीनवर. तुझी आजी सारखी म्हणायची, सुई सोड, लेकराला भोवेल.”

“सुईनं काही होत नाही, आई. मी विचारलं.”

“खरंच विचारलंस?”

“हो. बऱ्याचदा हे घराण्यातूनच येतं. आणि बाबांना पण आहे.”

“ह्यांना? मला कसं कधी दिसलं नाही?”

“कल्ल्यांखाली झाकलं होतं. परवा कल्ले उतरवले, तेव्हा मला दिसलं.”

“म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं?”

“काही म्हणजे काही नाही.”

“मग ऊठ. घरी चल.”

“अगं, दमानं. एवढी घाई कसली?”

“सासूबाई झोपायच्या आत पोचायचंय. त्यांना त्यांच्या लाडक्या लेकाचा कान दाखवायचाय.”