शांत झालेला लॅपटॉप

भाची : मामा, शेवटचं विचारते. हार्ड डिस्क की एसएसडी? तुझ्या लॅपटॉपचे सगळे स्क्रू काढून बसलेय मी, आणि दुकानात मागे अजून चार लॅपटॉप पोट उघडं टाकून पडलेत.

मामा : हार्ड डिस्क. कितीदा सांगू?

भाची : पण का?

मामा : कारण तिच्या पोटात काहीतरी फिरतं. फिरतंय म्हणजे काम चाललंय, हे कळतं. तुझी ती एसएसडी म्हणजे बिस्किटाएवढी पट्टी. ना हलत, ना बोलत. अगं, तीस वर्षं मी लोकांच्या पियानोंचे सूर लावतोय. ऐकण्यावर पोट भरणारा माणूस मी, मुक्या वस्तूवर माझा विश्वास कसा बसायचा?

भाची : मुकी असली तरी तिच्यावर लॅपटॉप दहा सेकंदांत सुरू होतो. तुझा किती वेळ घेतो?

मामा : चार मिनिटं. आणि ती चार मिनिटं माझ्या फार उपयोगाची आहेत. कुणाला खरमरीत पत्र लिहायला बसलो, की लॅपटॉप उघडेपर्यंत माझा राग निवतो. लोक मला समजूतदार म्हणतात ना, त्यातला निम्मा समजूतदारपणा या लॅपटॉपचा आहे.

भाची : मग शाळेतल्या संगीताच्या बाईंना ते पत्र कसं काय गेलं?

मामा : ते फोनवरून पाठवलं. तिथंच घात झाला. पण तुला कुणी सांगितलं?

भाची : आईनं. तूच तिला तीनदा वाचून दाखवलंस म्हणे.

मामा : ताईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

भाची : काय लिहिलं होतंस?

मामा : जाऊ दे ना.

भाची : सांग. नाहीतर स्क्रू देणार नाही.

मामा : बाई म्हणाल्या, सभागृहातल्या पियानोच्या वरच्या दहा-बारा पट्ट्या बेसूर लागल्यात. मी गेल्याच महिन्यात लावलेल्या! माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, ‘पियानो सुरात आहे. आपण एकदा आपले कान तपासून घ्यावेत.’ आणि खाली काय लिहिलं माहितेय? ‘आपला नम्र’. नम्र! मला स्वतःलाच हसू आलं नंतर.

भाची : त्यांचं उत्तर?

मामा : तीन आठवडे झाले, चकार शब्द नाही. शनिवारी मुलांचा कार्यक्रम आहे. दरवर्षी आठ दिवस आधी बोलावतात मला. एकोणीस वर्षांत यंदा पहिल्यांदा बोलावणं नाही. त्या दुसऱ्याला बोलावलं असेल, त्या स्क्रीनकडे बघून सूर लावणाऱ्याला. रेघ हिरवी झाली की याचा सूर लागला! म्हणून तर लॅपटॉप हवाय मला, आणि तो आजच हवाय.

भाची : लॅपटॉपचा काय संबंध?

मामा : अगं, प्रत्येक पियानोचं काम झालं की मी सगळ्या पट्ट्या एकेक वाजवून रेकॉर्ड करून ठेवतो. एकोणीस वर्षांचं आहे सगळं, आधीच्या कॉम्प्युटरवरचंही. बाईंपुढे ठेवणार आणि म्हणणार, ऐका. पुराव्यासकट.

भाची : ते सगळं मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय. तुझी जुनी डिस्क टकटक करायला लागली होती, कधीही मान टाकली असती.

मामा : ती टकटक कुणी ओळखली? मी. कान आहेत हे, गंमत नाही.

भाची : बरं बाबा, तुझंच खरं. ही नवी हार्ड डिस्क लावली. चालू करते. ऐक.

मामा : वा! बघ, किती शांत आहे. हल्ली चांगल्या बनवायला लागलेत.

भाची : शांत?

मामा : शांतच की.

भाची : मामा, शिट्टी वाजतेय. बारीक. माझे दात शिवशिवतायत.

मामा : कुठं?

भाची : इथं. कान लाव.

मामा : घरघर येतेय हलकीशी. शिट्टी नाही. तुझ्या डोक्यावरची ट्यूब वाजत असेल.

भाची : ही घे, ट्यूब बंद. पंखाही बंद. आता?

मामा : घरघर.

भाची : अरे, तुझी जुनी डिस्कही अशीच वाजायची. सहा वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतलास तेव्हा तूच वैतागला होतास. ‘ही किरकिर माझं रेकॉर्डिंग नासवते’ म्हणून काम करताना तो बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायचास. मीच माइकला लांब वायर आणून दिली होती.

मामा : हो, पण नंतर सुधारला की तो. दोन वर्षांपूर्वी एकदम गप्प झाला.

भाची : आपोआप?

मामा : वय झालं की माणसं निवतात. मला वाटलं, लॅपटॉपही निवला असेल.

भाची : मामा, यंत्रं निवत नसतात रे. वय झालं की आणखी वाजतात. थांब, तुझं एक जुनं रेकॉर्डिंग लावते. हे चार वर्षांपूर्वीचं. स्वच्छ आहे, मागे काही नाही. आता हे गेल्या वर्षीचं.

मामा : हेही स्वच्छ आहे.

भाची : नाही मामा. यात शिट्टी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे दुसरं, यातही. हे तिसरं. दोन वर्षांतल्या सगळ्यांत आहे. तू लॅपटॉप पियानोला टेकूनच ठेवायला लागला होतास.

मामा : कारण तो शांत होता.

भाची : तुला शांत वाटला.

मामा : बरोबर. तो शांत नव्हता.

(मामा स्टूल ओढून बसतात. भाची पंखा पुन्हा लावत नाही.)

भाची : पाणी देऊ?

मामा : नको. शाळेचा पियानो लाव. शेवटचं रेकॉर्डिंग. वरच्या पट्ट्या.

भाची : आत्ता राहू दे ना.

मामा : लाव गं. पुरावा मीच गोळा केलाय, मीच ऐकतो.

भाची : ही पहिली... ही दुसरी... कशा वाटतात?

मामा : छान वाटतात. तीच तर पंचाईत आहे. तुझ्याकडे ते रेघवालं ॲप असेल ना? त्या दुसऱ्याचं?

भाची : आहे. पण तू त्याला...

मामा : मी त्याला काय काय म्हणालो ते मला पाठ आहे. दाखव.

भाची : रेघ इथं यायला हवी. ही इथं आलीय. ही पण. ही तर बरीच लांब.

मामा : किती पट्ट्या आहेत अशा?

भाची : अकरा.

मामा : बाई दहा-बारा म्हणाल्या होत्या. बघ, काय कान आहे बाईचा! आणि मी त्यांना डॉक्टरकडे पाठवतोय. नम्रपणे.

भाची : मामा, होतं असं. तीस वर्षं कानाशी तारा ठोकतोयस. मशीन मिळतं कानाला.

मामा : माहितेय गं. पण भीती वाटतेय. हे एकच येतं मला. दुसरं काही शिकलोच नाही, कारण हे इतकं चांगलं यायचं. फोन दे तो. माझा नको, तुझा दे. माझा नंबर बघून त्या उचलणार नाहीत.

भाची : स्पीकरवर ठेवते.

बाई : हॅलो, कोण बोलतंय?

मामा : बाई, मी. पियानोवाला. कृपा करून ठेवू नका.

बाई : बोला.

मामा : तुमचं बरोबर होतं. अकरा पट्ट्या बेसूर आहेत. पियानोला काही झालेलं नाही, मला झालंय. वरचे सूर मला नीट ऐकूच येत नाहीत. आज कळलं. आणि तुम्हाला मी जे लिहिलं ना, त्याची मला लाज वाटते.

बाई : मी गेले होते.

मामा : कुठं?

बाई : कानाच्या डॉक्टरांकडे. तुम्ही लिहिलंत म्हणून. एकोणीस वर्षांत तुमचा सूर कधी चुकला नाही. म्हटलं, चूक माझीच असणार. आठ दिवस मी वाद्याला हात लावला नाही. वर्गात मुलं गायली की मला धास्ती वाटायची, आपल्याला कळतंय ते खरं आहे की नाही.

मामा : बाई, मी काय बोलू आता?

बाई : काही बोलू नका. कालच डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तुम्हाला त्यांचा नंबर पाठवते. माणूस चांगला आहे, हसत नाही.

मामा : पाठवा. आणि शनिवारसाठी तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलंय ना? तो स्क्रीनवाला? चांगला आहे हो तो. मी उगाच नावं ठेवायचो.

बाई : कुणालाही बोलावलं नाही. माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता, दुसऱ्याला काय सांगणार? पियानो तसाच आहे. उद्या सकाळी आठला या. पण कान घेऊन या.

मामा : भाचीचे घेऊन येतो.

बाई : आणा. आणि पत्राखाली ते ‘नम्र’ लिहीत जाऊ नका. बाकीचं मी विसरेन, ते विसरणार नाही. ठेवते.

भाची : माझे कान परस्पर देऊन टाकलेस. सकाळी आठला दुकान कोण उघडणार?

मामा : तुझी आई उघडेल. गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगत बसेल, वेळ छान जाईल तिचा.

भाची : आणि रेघवालं घेऊ का बरोबर?

मामा : घे. पण बाहेर काढायच्या आधी दार लावून घे. थोडी लाज अजून शिल्लक आहे.

भाची : बरं, आता याचं काय करू? रेकॉर्डिंग खूप आहेत तुझी, ती या हार्ड डिस्कवर टाकून डबीत घालून देते. कपाटात ठेव, लागेल तेव्हाच जोड. पण लॅपटॉपच्या आत काय घालू?

मामा : ती तुझी मुकी घाल.

भाची : विश्वास नाही म्हणालास ना तिच्यावर?

मामा : घाल गं. ती शांत आहे असं मला वाटेल, तेव्हा ती खरंच शांत असेल.