इराची कठीण शीट

ऑनलाइन शाळेचे किस्से निघालेच आहेत, तर माझाही ऐका. हसायला येईलच असं नाही. लॉकडाऊनमध्ये मी इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या घरातून पहिलीच्या मुलांना गणित शिकवायचे. सोपी, मधली आणि कठीण, अशा तीन शीट्स असायच्या. ज्याला जी झेपेल ती. इराला अचानक कठीण शीट झेपायला लागली, एकही चूक नाही. मी घाबरत घाबरतच तिच्या आईला फोन केला.

"गणितं तुम्ही सोडवून देता का?"

"मी नाही गं, माझी आई. पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर. दोघींचा तेवढाच विरंगुळा."

"पण इराला एकटीला करू दे ना, प्लीज. नाहीतर तिची लेव्हल मला कशी कळणार?"

"बरं, सांगते आईला."

दोन आठवड्यांनी इराच्या शीटवर सात चुका आल्या. मला इतका आनंद झाला, की सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "वेल डन, इरा! ऑल बाय युवरसेल्फ!"

"यस," इरा म्हणाली. "आजी डझन्ट पिक अप एनीमोर."

मी दचकले. मागून तिच्या आईचा हात आला आणि कॅमेरा बंद झाला.

पुढच्या सोमवारीही मी तिला कठीणच शीट पाठवली. सोपी पाठवून आजी नसल्याची आठवण करून द्यायचा धीरच झाला नाही.