काळ्यानिळ्या डोळ्यावर दोन थर

मी, वय ४६ वर्षे, धंदा ब्युटीपार्लर, राहणार पार्लरच्याच वरचा मजला, समक्ष हजर राहून जबाब देते की, घरी मी, माझे पती व सासूबाई असे तिघे राहतो. पती ट्रक चालवतात, आठवड्यातून दोनच दिवस घरी असतात. सासूबाईंचे वय ७९ असून त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. ती मीच देते.

काल सकाळी सव्वानऊ वाजता सासूबाई बाथरूमबाहेर घसरल्या. फरशी मी नुकतीच पुसली होती, सांगायचे राहून गेले. भुवई चौकटीवर आपटली. शुद्ध गेली नव्हती. मी बर्फ कापडात गुंडाळून, डोळ्यावर दाब न देता, दहा-दहा मिनिटे तीनदा धरला. बोटे मोजायला लावली. "अगं, मी काय पहिलीत आहे का?" म्हणाल्या, पण बरोबर मोजली. दहाची रक्त पातळ ठेवण्याची गोळीही मी वेळेवर दिली. दुपारपर्यंत डोळा वांग्यासारखा झाला.

डॉक्टरांकडे नेले नाही. चार वाजता नणंद येणार होती. ती नर्स आहे. डोळा पाहून तिने सगळे खापर माझ्यावर फोडले असते. म्हणून मी आधी निळेपण मारणारा केशरी व त्यावर त्वचेच्या रंगाचा असे मेकअपचे दोन थर लावले, सुजेवर चष्मा चढवला. या कामात माझा हात बसलेला आहे. असे डोळे घेऊन गिऱ्हाइके येतात. कशाने झाले, ते मी विचारत नाही.

नणंद पाऊण तास बसली. "आज आई फारच गप्प आहे गं," म्हणाली. मी म्हणाले, "नटवलंय ना, लाजल्यात." आम्ही दोघी हसलो. सासूबाई पडल्याचे बोलल्या नाहीत. मला वाटले, माझी बाजू सांभाळून घेताहेत. मला फार बरे वाटले.

सहा वाजता त्यांना उलटी झाली. हाक मारली तर ओ देईनात. रुग्णालयात चेहरा पुसल्यावर डोळा दिसला, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवले. डोक्यात रक्त साचले होते. डॉक्टर म्हणाले, ते गप्प बसणे म्हणजे गुंगी होती. नणंदेला गोळीचे ठाऊक आहे. न रंगवलेला डोळा दिसला असता, तर तिने आईला उभ्या उभ्या दवाखान्यात नेले असते.

मी त्यांना मारलेले नाही. पण शुद्धीवर येऊन त्या 'सुनेने मारले' म्हणाल्या, तर तसेच लिहून घ्यावे. माझी हरकत नाही. त्यांनी काहीतरी बोलावे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच, खरा आहे. खाली सही करते.