भुरीला विचारून आणलेली जोडीदारीण

भुरी म्हणजे आमची गिनी पिग बरं का. तिची जोडीदारीण गेली आणि तिने खाणंच सोडलं. मी धुळ्यात दुसरी आणायला निघाले, तर चोपड्याहून आलेले माझे वडील, नाना, म्हणाले, “तिले इचारं का? संगे ली चाल!”

मग भुरीलाही सोबत नेलं. दुकानात पहिलीला बघून तिने दात कडकड वाजवले. दुसरीला बघून तिने पाठच फिरवली. तिसरी फाटक्या कानाची होती, तिला कोणी नेत नव्हतं. तिला मात्र भुरी चिकटूनच बसली आणि दोघी एकच कोथिंबिरीची काडी खायला लागल्या.

घरी चहा घेताना मी म्हटलं, “नाना, माझं लग्न ठरवताना मला कुठे विचारलं होतंत?”

“नव्हतं इचारं, बेटा. तठूनच शिकनू,” नाना शांतपणे म्हणाले.

शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला जोरात ठसका लागला.