गुलाबी बाटली

— आत्तापासूनच आवराआवर? बैठक दुपारी आहे.

— दुपारी तरी काय वेगळं होणार, मॅडम? तुम्हीच म्हणालात, एंझाइम चाललं नाही तर विषय बंद, आणि मी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सरांकडे.

— म्हणाले. अजून काहीच नाही?

— ढिम्म. प्रथिनात निसर्गात नसलेलं अमिनो आम्ल बसवलं, त्यानं तांबं धरावं म्हणून. तांबं घालते, पण अभिक्रिया काही हलत नाही.

— आणि हे बेसिनमध्ये काय ओततेयस?

— हे? घाण. शुद्ध करताना दोन भाग निघतात. एक पाण्यासारखा स्वच्छ, तो मी वापरते. दुसरा हा गुलाबी.

— हात थांबव.

— काय झालं?

— बाटली खाली ठेव आधी. दर वेळी टाकलंस?

— तुम्हीच सांगता ना, रंग दिसला की अशुद्धता समजायची!

— माझ्याच तोंडाला कुलूप लावायला हवं. अगं, तुझं आम्ल फक्त तांबंच धरतं का?

— नाही, कुठलाही धातू… अरे देवा. प्रथिन ज्या जिवाणूंकडून बनवून घेते, त्यांच्या खाद्यात लोखंड असतं.

— आणि लोखंड धरलं की रंग?

— गुलाबी. म्हणजे तांब्याच्या जागेवर आधीच लोखंड बसलंय. आणि जे स्वच्छ म्हणून जपलं, त्यात आम्ल शिरलेलंच नाही!

— दाणे पाखडून टाकलेस, फोलपटं भरून ठेवलीस.

— मी एवढी बावळट कशी हो?

— ते सावकाश ठरवू. लोखंड काढता येईल?

— धातू पकडणारं रसायन आहे ना, ईडीटीए, ते ओढून घेईल. मग ते धुऊन तांबं. उद्यापर्यंत वेळ लागेल पण. आणि बैठक आज आहे.

— बैठकीचं मी बघते. तू बाटली बघ.

(दुसऱ्या दिवशी, अभिक्रियेचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर.)

— रेषा चढतेय का गं, की माझा चष्मा?

— चढतेय. आणि शेजारी ते आम्ल नसलेलं प्रथिन ठेवलंय, त्यातही तेवढंच तांबं. ते गाढ झोपलंय.

— वेग मात्र गोगलगायीचा.

— असू दे. आम्ल प्रथिनाच्या खाचेत थोडं आत सरकवलं, तर तांबं नीट कोनात येईल. सहा जागा तरी सुचतायत मला.

— कालपर्यंत एक सुचत नव्हती.

— मॅडम… सरांना काय सांगायचं? ते वाट बघत असतील.

— त्यांना मी कालच सांगितलं, तू येत नाहीस म्हणून.

— रेषा चढायच्या आधीच?

— हो. आता बस त्या स्टुलावर. उभ्यानं किती वेळ बघशील?