उलटा ट्रॅक

सासूबाई: गेलात पुन्हा भिंतीत.

जावई: दिसतंय मला, आई.

सासूबाई: मी आपलं सांगितलं. चहा ठेवलाय. निवला तर पुन्हा करून देणार नाही.

जावई: असू दे तिथंच. सकाळपासून या गेमवर एकवीस फेऱ्या झाल्या. झोपेतून उठवून विचारा, अख्खा ट्रॅक सांगतो. चढ, मग डावं, पुन्हा डावं, मग ही भिंत. नेमकी इथंच माती खातो.

सासूबाई: तीन आठवडे हेच चाललंय. कामावरून आलात की बूट काढायच्या आत टीव्हीसमोर हे गेमचं चाक. कंबर धरेल एक दिवस.

जावई: धरलीय. उद्याचा दिवस जाऊ दे, मग हा गेम बंद. तुमचा हॉल तुम्हाला परत.

सासूबाई: हॉल काय करायचाय मला? मी म्हणते, नाही चालवलीत तिची रेसची गाडी, तर कोण विचारणार आहे? उद्या दुपारी गाडी घेणारी माणसं येतील, पैसे देतील, घेऊन जातील.

जावई: कोणी विचारणार नाही, म्हणूनच. सहा वर्षं तुमची लेक दर महिन्याला त्या ट्रॅकवर गेली. दर महिन्याला म्हणायची, एकदा माझ्या गाडीत बसून तर बघ. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. आठवडाभर शाळेची बस हाकायची आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा चाकाचं तोंड बघायचं? अंगावर यायचं. आता ती गेल्यावर, गाडी विकायला काढल्यावर मला अक्कल आली.

सासूबाई: वरातीमागून घोडं.

जावई: असेल. क्लबवाल्यांनी तीन फेऱ्या दिल्यात, तेवढ्या नीट मारायच्यात. शेजारी त्यांचा माणूस बसणार. रस्ता सोडून बाहेर गेलो, की तो तिथंच उतरवणार. मग संपलंच. पुढची वेळ नाही.

(दारावरची बेल वाजते. सासूबाई दार उघडतात. क्लबचा मेकॅनिक हेल्मेट घेऊन आत येतो.)

मेकॅनिक: दाजी, ताईंचं हेल्मेट तुमच्या डोक्याला व्हायचं नाही, म्हणून हे आणलं. घाला. मान हलवा. टोचतंय का कुठं?

जावई: नाही.

मेकॅनिक: मग हेच. अरे वा, तयारी जोरात आहे की! कुठला ट्रॅक लावलाय?

जावई: आपलाच. वर नाव आहे बघ.

मेकॅनिक: नाव बरोबर आहे. पण हे... गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या शेड डाव्या हाताला कशा आल्या? आणि इथं चढ? दाजी, इथं उतार आहे. मी दहा वर्षं त्या उतारावर गाड्या ढकलल्यात.

जावई: मग गेमवाल्यांनी चुकीचा काढला असेल.

मेकॅनिक: त्यांनी बरोबर काढलाय. तुम्ही उलटे फिरताय.

जावई: उलटे म्हणजे?

मेकॅनिक: म्हणजे आम्ही जिकडून येतो, तिकडे तुम्ही जाताय. गेममध्ये तशी सोय असते. नेहमीच्या बाजूचा कंटाळा आला की लोक उलटा लावतात. ताईंनी लावून ठेवला असेल.

जावई: मी तर फक्त चालू केलं. होतं तसं चालवलं.

मेकॅनिक: उद्या असे निघालात तर सगळे समोरून भेटतील. एकेकाला रामराम घालत जा.

जावई: मस्करी नको रे.

मेकॅनिक: चुकलं, दाजी.

जावई: आणि कंटाळा कसला? शेवटचे सहा महिने तिनं या चाकाला हात लावला नाही. ऑपरेशननंतर सोडलंच सगळं. मला स्वतः म्हणाली.

सासूबाई: निवला चहा.

जावई: आई?

सासूबाई: लावत होती हात. रोज लावत होती. तुम्ही दुपारची पोरं घरी सोडायला गेलात की बसायची. चार वाजले की बंद करून वर चादर टाकायचो आम्ही.

जावई: आणि तुम्ही मला एका शब्दानं...

सासूबाई: शपथ घातली होती तिनं. तुम्हाला कळलं असतं तर म्हणाला असता, पडून राहा, दगदग करू नकोस. दिवसातून दहादा म्हणायचात.

जावई: काळजीनं म्हणायचो हो.

सासूबाई: तिला काय ठाऊक नव्हतं? पण दुखण्यानं दमली नाही इतकी त्यानं दमली होती.

मेकॅनिक: मावशी, मी नंतर येतो.

सासूबाई: बस रे. तू काय परका आहेस? कॅन्सरमुळे उजव्या बाजूचं काखेपर्यंत काढलं होतं तिचं. हातात जोर राहिला नव्हता. आणि तुमच्या ट्रॅकवर म्हणे सगळी मोठी वळणं उजवीकडे.

मेकॅनिक: हो. दोन सोडली तर सगळी.

सासूबाई: म्हणून उलटा लावला. उलटा लावला की वळणं डावीकडे. डावा हात खाली ओढला की झालं. उजव्या बाजूनं चाक मी धरायची.

जावई: तुम्ही? मिक्सर लावायची भीती वाटते तुम्हाला.

सासूबाई: वाटते. या चाकाला काय पाती आहेत?

जावई: तीन आठवडे मी भिंतीत जातोय आणि तुम्ही शेजारी बसून नुसत्या बघताय.

सासूबाई: तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू? तुम्ही तिच्याच वाटेनं जात होतात. बघायला बरं वाटायचं.

जावई: भिंतीपाशी ती काय करायची?

सासूबाई: तुम्ही चाक आवळून धरता. ती तिथं म्हणायची, आई, सोड आता. मी सोडायची. चाक आपलं आपण सरळ व्हायचं.

जावई: खुर्ची घ्या. या इकडे.

मेकॅनिक: दाजी, उद्या आठला पोचायचंय. सुलटा लावू, मी बसतो शेजारी. अंधार पडेपर्यंत वीस फेऱ्या होतील, तेवढ्यात जमून जाईल. उलट्याचा उद्या काडीचा उपयोग नाही.

जावई: माहीत आहे. एकच फेरी.

सासूबाई: घट्ट धरू का हलकं?

जावई: तिचं धरायचात तसं.

सासूबाई: मग जरा सरका. कोपर लागतंय तुमचं. हं, चला.

जावई: चढ. डावं... फार ओढू नका.

सासूबाई: मी नाही ओढत, तुम्हीच ओढताय.

जावई: पुन्हा डावं. आली भिंत. आई...

सासूबाई: ते तुम्ही म्हणायचं असतं.

जावई: सोडा आता.

मेकॅनिक: गेली! अलगद गेली की, दाजी.

जावई: हं.

मेकॅनिक: बदलू मग?

सासूबाई: बदल. हात बरा झाला की ती बदलणारच होती.